पाय पाहून जोडा

गणपती गेले की पहाटेचे रस्ते बदलतात. मरिन ड्राइव्हवर, पुण्याच्या तळजाईवर, साताऱ्याच्या यवतेश्वर घाटात पाच वाजल्यापासून पावले वाजू लागतात. मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. तिच्या तयारीला सोळा ते वीस आठवडे लागतात आणि हे आठवडे बरोबर याच दिवसांत सुरू होतात. पहिल्यांदाच हाफ किंवा फुल धावायला निघालेला माणूस ओळखीच्या धावपटूला सर्वात आधी एकच प्रश्न विचारतो : बूट कोणते घेऊ? उत्तरादाखल त्याला एखाद्या कंपनीचे आणि मॉडेलचे नाव मिळते. ज्या पायाने हे नाव सुचवले तो पाय आणि ज्या पायात तो बूट जाणार तो पाय यांचा परस्परांशी काडीचाही संबंध नसतो. तरीही त्या नावावर दहा-बारा हजार रुपये खर्च होतात. मोजे मात्र घरात असतील ते चालतात.

या सवयीचे मूळ आपल्या बालपणात आहे. जूनमध्ये शाळेचे बूट घेताना दुकानदार अंगठ्यावर बोट दाबून सांगायचा, ‘एक नंबर मोठाच घ्या, वाढता पाय आहे.’ पुढच्या पोकळीत कापूस कोंबला जायचा. पीटीच्या पांढऱ्या कॅनव्हासला आदल्या रात्री खडू फासला की तयारी पूर्ण. नवी चप्पल चावली तर आई खोबरेल तेलाचे बोट फिरवायची आणि म्हणायची, चार दिवसांत सैल होईल. ती खोटे बोलत नव्हती. कोल्हापुरी चप्पल चामड्याची असते. घाम, तेल आणि वजन यांनी चामडे वळते, ताणते आणि हळूहळू त्या पायाचेच होऊन जाते. घरातली चप्पल दुसऱ्याने घातली तरी ‘ही माझी नाही’ हे डोळे मिटून कळते, ते त्यामुळेच.

धावण्याचा आजचा बूट चामड्याचा नाही. वर विणलेली कृत्रिम जाळी, खाली फोमचा जाड थर आणि त्याखाली रबर अशी त्याची रचना. जाळी थोडी ताणते, फोम थोडा दबतो. पण बुटाचा साचा, म्हणजे चवड्यापाशी तो किती रुंद आहे आणि टाचेला कसा धरतो, हे कारखान्यात ठरते आणि शेवटपर्यंत तसेच राहते. पहिल्या दिवशी करंगळीला घासणारा बूट पन्नासाव्या दिवशीही घासतो. ‘वापरून सैल होईल’ हा चपलेबाबत खरा ठरणारा सल्ला इथे फसतो.

अंतराचा हिशेब केला की हे किती महाग पडते ते कळते. सामान्य वेगाने धावणारा माणूस एका किलोमीटरला साधारण हजार ते बाराशे पावले टाकतो. मॅरेथॉनचे अंतर ४२.१९५ किलोमीटर. म्हणजे एकेक पाय वीस हजारांहून अधिक वेळा जमिनीवर पडणार आणि प्रत्येक वेळी शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट भार झेलणार. दुकानात दोन मिनिटे उभे राहताना जेमतेम जाणवणारी एखादी शिवण वीस हजार वेळा त्याच जागी घासली, तर तिथे काय होईल याला कल्पनाशक्ती लागत नाही. शंभर मीटर धावणाऱ्याला बूट सोसता येतो. लांब धावणाऱ्याला ती सोय नाही. म्हणून लांब पल्ल्याच्या सरावात आराम ही चैन समजू नये. बूट निवडण्याची आज उपलब्ध असलेली सर्वात भरवशाची कसोटी तीच आहे.

यावर एक आक्षेप नेहमी येतो : बूट हवेतच कशाला? इथिओपियाचा अबेबे बिकिला १९६०मध्ये रोमच्या दगडी रस्त्यांवर अनवाणी धावला आणि ऑलिंपिक मॅरेथॉन जिंकला. बारामतीच्या लता करे नऊवारी लुगड्यात अनवाणी धावल्या आणि जिंकल्या, हे तर महाराष्ट्राने पाहिलेच आहे. त्यांच्यावर पुढे चित्रपटही निघाला. पण बिकिलाच्या गोष्टीचा उत्तरार्ध सहसा सांगितला जात नाही. १९६४मध्ये टोकियोत तो बूट घालून धावला, पुन्हा सुवर्णपदक जिंकला आणि रोममधल्या वेळेपेक्षा तीन मिनिटांहून अधिक लवकर पोहोचला. अनवाणी पाय श्रेष्ठ की बूट, याचा निकाल या दोन शर्यतींतून लागत नाही. पायाला ज्याची सवय आहे आणि ज्याने त्रास होत नाही ते चालते, एवढाच बोध त्यातून घेता येतो. लता करे यांच्या धावण्यामागे तर नवऱ्याच्या उपचारांच्या पैशांची निकड होती. नाइलाजाला प्रशिक्षणपद्धती मानू नये.

बाजाराला मात्र मधली वाट आवडत नाही. २००९मध्ये ख्रिस्तोफर मॅकडुगल यांचे मेक्सिकोतील ताराहुमारा धावपटूंविषयीचे पुस्तक आले आणि जगभर पातळ तळव्यांच्या, अगदी बोटे वेगवेगळी असलेल्या बुटांची लाट उठली. वर्षानुवर्षे जाड टाचेच्या बुटांत वावरलेल्या लोकांनी एका आठवड्यात तळवे बदलले आणि अनेकांच्या पोटऱ्या व पावलांची हाडे कुरकुरू लागली. मग लंबक उलटा फिरला. २०१७पासून कार्बनची पट्टी घातलेले, उसळणाऱ्या फोमचे जाडजूड बूट आले. त्यांनी वेळा इतक्या खाली आणल्या की जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेला २०२०मध्ये नियम करावा लागला : रस्त्यावरील शर्यतीत तळवा ४० मिलिमीटरपेक्षा जाड नको आणि आत एकाहून अधिक ताठ पट्टी नको. दहा वर्षांत तळवा जवळजवळ नाहीसा होऊन पुन्हा चार सेंटिमीटर झाला. या काळात माणसाच्या पायात काडीचाही बदल झाला नव्हता.

मग शास्त्र काय सांगते? अनेक वर्षे दुकानांत एक रीत पाळली जाई. ओला पाय कागदावर उमटवायचा, तळपायाची कमान उंच की सपाट ते पाहायचे आणि त्यानुसार ‘स्थिरता देणारा’ किंवा ‘मऊ’ बूट द्यायचा. ऐकायला ते अगदी शास्त्रशुद्ध वाटते. अमेरिकेच्या लष्कर, हवाई दल आणि मरीन कोअर या तिन्ही दलांतील हजारो प्रशिक्षणार्थींवर ही पद्धत तपासली गेली. काहींना कमानीनुसार बूट दिले, इतरांना सरसकट एकाच प्रकारचे. दुखापतींच्या प्रमाणात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. २०२२मध्ये कोक्रेन या संस्थेने उपलब्ध चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हाही अमुक प्रकारचा बूट दुखापत टाळतो असे ठामपणे म्हणण्याजोगा पुरावा हाती लागला नाही. कॅनडातील कॅल्गरी विद्यापीठाचे बेनो निग यांनी बुटांच्या अभ्यासात हयात घालवली. २०१५मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी मांडलेला विचार साधा आहे : प्रत्येक शरीराची हालचालीची स्वतःची एक वाट असते, जो बूट त्या वाटेत आडवा येत नाही तो आरामदायक वाटतो, तेव्हा धावणाऱ्याने स्वतःच्या आरामाच्या गाळणीतून बूट निवडावा. हाही अंतिम सिद्धांत नाही. पण जोडा कुठे चावतो हे घालणाऱ्यालाच ठाऊक, ही आपल्याकडची जुनी समजूत प्रयोगशाळेने निदान खोडून काढलेली नाही.

मात्र ‘आराम’ याचा अर्थ ‘मऊ’ असा घेऊ नये. दुकानात बोटाने दाबला की गादीसारखा दबणारा फोम पहिल्या मिनिटाला सुखद वाटतो आणि पंधराव्या किलोमीटरला घोटा डगमगू लागतो. आराम जोखायची पद्धत आहे आणि ती सोपी आहे. दुकानात संध्याकाळी जावे. दिवसभरात पाय थोडा फुगतो. लांब धावतानाही फुगतो, त्यात आपल्याकडचा उकाडा त्याला आणखी फुगवतो. ज्या मोज्यांत धावणार तेच मोजे सोबत न्यावेत. घरी एक कागद जमिनीवर ठेवून, त्यावर उभे राहून, पेन्सिल सरळ धरून दोन्ही पावलांची बाह्यरेषा काढावी. बहुतेकांना तेव्हाच कळते की आपला एक पाय दुसऱ्यापेक्षा मोठा आहे. बूट मोठ्या पायाच्या मापाचा घ्यायचा. अनेकांचे अंगठ्याशेजारचे बोट अंगठ्यापेक्षा लांब असते. त्यांनी माप त्या बोटापासून धरावे. उभे राहिल्यावर सर्वात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा उरली पाहिजे. ही जागा उताराला कामी येते. साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनमध्ये घाट चढताना आखूड बुटाची तक्रार येत नाही. परतीच्या उतारावर पाय पुढे सरकतो, बोटे बुटाच्या टोकावर आपटतात आणि घरी मोजे काढल्यावर अंगठ्याचे नख काळे पडलेले दिसते.

लांबीइतकीच रुंदी महत्त्वाची आणि इथे भारतीय ग्राहकाची जुनी अडचण आहे. आपण आजही इंग्रजांनी रुजवलेली मापे वापरतो. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभर ७९ ठिकाणी एक लाखाहून अधिक लोकांच्या पावलांचे त्रिमितीय मोजमाप केले. भारतीय पाऊल युरोपीय-अमेरिकी पावलापेक्षा सरासरीने रुंद असते, असे त्यात दिसले आणि त्यावरून ‘भा’ नावाची स्वतंत्र मापनपद्धती सुचवली गेली. परदेशी साच्यावर बेतलेला बूट चवड्याला आवळतो, म्हणून आपण लांबीत एक नंबर वर जातो. चवड्याला जागा मिळते; पण टाच सैल पडते, दर पावलाला वर-खाली होते आणि फोड चवड्याऐवजी टाचेला येतो. लांबीचा नंबर वाढवून रुंदीचे दुखणे मिटत नाही. काही कंपन्या तोच बूट अधिक रुंद साच्यातही बनवतात, तो मागावा. आपल्या दुकानांत तो क्वचित ठेवलेला असतो, पण ग्राहकांनी मागितल्याशिवाय दुकानदार ठेवणार नाही. स्त्रियांची अडचण थोडी वेगळी आहे. चवड्याच्या मानाने त्यांची टाच बहुधा अरुंद असते आणि पुरुषांचा साचा नुसता लहान करून हे प्रमाण साधत नाही. शिवाय बाळंतपणानंतर पाऊल कायमचे लांब-रुंद होऊ शकते. पूर्वीचाच नंबर गृहीत धरणाऱ्या अनेकजणी पुढे बोटे दुखतात म्हणून वयाला दोष देतात.

टाच आणि चवडा यांच्या उंचीतील फरकाला ‘ड्रॉप’ म्हणतात. तो शून्यापासून बारा मिलिमीटरपर्यंत असू शकतो. कमी ड्रॉपचा बूट पोटरी आणि टाचेमागच्या शिरेवर जास्त ताण टाकतो, जास्त ड्रॉपचा गुडघ्याकडे. यातला कोणताही चांगला किंवा वाईट नाही. घातक असतो तो अचानक केलेला बदल. दहा मिलिमीटरवरून एकदम चारवर आलेल्याने आठवड्यातले एखाददुसरे छोटे अंतरच नव्या बुटांत धावावे. कार्बनच्या बुटांविषयीही हेच. ते वेगासाठी बनले आहेत, महाग आहेत, लवकर थकतात आणि मंद गतीने सरावाचे किलोमीटर घालताना त्यांचा फायदा फारसा मिळत नाही. साडेपाच तासांत मॅरेथॉन पुरी करू पाहणाऱ्याने पंचवीस हजारांचा बूट घेऊ नये असा नियम नाही, पण त्याच पैशात सरावाचे दोन चांगले जोड आणि वर्षभराचे मोजे येतात.

आता मोज्यांकडे. बुटावर तासभर चर्चा करणारा माणूस मोजे ‘तीन जोड दोनशेला’ या फलकाखालून उचलतो. वास्तविक त्वचेला लागून असतो तो मोजा; बूट त्याच्यानंतर येतो. फोड कसा येतो ते पाहिले की हे पटेल. फोड केवळ वरच्या घासण्याने येत नाही. पाऊल टेकताना आतले हाड पुढे सरकते, पण ओलसर त्वचा मोज्याला आणि मोजा बुटाला चिकटून मागे राहतो. या ओढाताणीत त्वचेचे आतले थर एकमेकांपासून सुटतात आणि त्या पोकळीत पाणी भरते. पूर्ण कोरडी त्वचा सहज सरकते. दमट त्वचा चिकटते. म्हणून मुंबईच्या हवेत धावणाऱ्याला हा शत्रू पुण्याच्या हिवाळी पहाटेपेक्षा लवकर गाठतो.

सुती कपडा उष्ण प्रदेशात उत्तम, हा आपला पक्का समज आहे आणि अंगरख्यापुरता तो खराही आहे. मोज्याबाबत तो उलटतो. कापसाचा धागा साध्या हवेतच स्वतःच्या वजनाच्या सात-आठ टक्के ओलावा धरून ठेवतो. पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. घामाने भिजलेला सुती मोजा जड होतो, ढिला पडतो, त्याला बोटांखाली घड्या पडतात आणि तो वाळत नाही. १९९०मध्ये अमेरिकेत लांब पल्ल्याच्या ३५ धावपटूंवर झालेल्या प्रयोगात अ‍ॅक्रिलिकच्या मोज्यांत सुती मोज्यांपेक्षा कमी आणि लहान फोड आले. त्याच संशोधकांनी १९९३मध्ये सर्वसाधारण बनावटीचे मोजे घेऊन प्रयोग केला, तेव्हा मात्र हा फायदा दिसला नाही. म्हणजे धाग्याइतकीच विणीची किंमत आहे. नुसते ‘सुती नाही’ एवढे वाचून खूश होऊ नये.

मोजा घेताना तो उलटा करून पाहावा. बोटांवरून आडवी जाणारी शिवण नखाला जाड दोरीसारखी लागली तर तो ठेवून द्यावा. टाचेची खोळ खरोखर टाचेवर बसते का, ते पाहावे. ‘फ्री साइज’ हे मापच नव्हे. पाचच्या पायाला ते सैल आणि दहाच्या पायाला ताणलेले. ज्यांची बोटे एकमेकांवर घासतात त्यांना पाच बोटांचे मोजे मानवतात, तर ज्यांना टाचेला फोड येतात त्यांना दुहेरी थराचे, कारण ओढाताण मग दोन थरांत होते, त्वचेत नाही. मेरिनो लोकरीचे पातळ मोजे नाव ऐकून गरम वाटतात, पण ओले झाले तरी आकार सोडत नाहीत. काठ इतका वर हवा की बुटाची कड उघड्या त्वचेला लागू नये. धुताना कपडे मऊ करणारे द्रव टाळावे, कारण त्याचा थर धाग्यावर बसून घाम वाहून नेण्याचे काम बिघडवतो. धावण्यापूर्वी घासणाऱ्या जागी व्हॅसलीनचे बोट फिरवणे हा आईच्या खोबरेल तेलाचाच पुढचा अवतार. इतके करूनही फोड आलाच तर वरची कातडी ओरबाडू नये. आतल्या जिवंत त्वचेची तीच उत्तम पट्टी. मधुमेह असलेल्यांनी मात्र घरगुती सुईच्या वाटेला न जाता डॉक्टरांकडे जावे.

आपल्याकडे सरावाचे सुरुवातीचे आठवडे पावसात जातात, तेव्हा त्याचाही विचार हवा. पाणी आत येऊ न देणारे बूट पावसाळ्यासाठी म्हणून विकले जातात. पण आपल्या पावसात पाणी घोट्यावरून आत शिरते आणि मग बाहेर पडत नाही. भिजणारी आणि लगेच निथळणारी जाळी बरी. घरी आल्यावर आतला सुटा तळवा काढावा, बुटात वर्तमानपत्राचे बोळे भरावेत, तासाभराने बदलावेत आणि बूट पंख्याखाली सावलीत ठेवावेत. कडक ऊन आणि हीटर फोम व डिंक दोन्ही खराब करतात. बूट पूर्ण सुकायला एक दिवस पुरत नाही, म्हणून दोन जोड आलटून-पालटून वापरणे सोयीचे. लक्झेंबर्गमध्ये २६४ धावपटूंचा २२ आठवडे मागोवा घेतला, तेव्हा एकाहून अधिक जोड वापरणाऱ्यांत दुखापतीचा धोका ३९ टक्क्यांनी कमी आढळला. पायांवर येणारा ताण रोज थोडा बदलतो, हे त्याचे एक संभाव्य कारण सांगितले जाते. साधारण ५०० ते ८०० किलोमीटरनंतर फोम थकतो. वरून बूट धडधाकट दिसतो, म्हणून टाकवत नाही; तो बाजारहाटाला वापरावा. आणि शर्यतीच्या दिवशी नवे काहीही नको, मोजेसुद्धा नकोत. पेडर रोडच्या चढावर प्रयोग करू नये.

या साऱ्यात दुकानदारांचाही वाटा आहे. बुटांच्या दुकानात जमिनीलगत एक तिरका आरसा हमखास असतो. बूट घालून गिऱ्हाईक त्याच्यासमोर उभे राहते, पाय डावी-उजवीकडे वळवते, सोबतच्याला ‘कसा दिसतो?’ विचारते आणि पाकीट काढते. धावण्याचे बूट विकणाऱ्या दुकानाने त्या आरशाइतकीच दहा पावले धावण्याची जागा द्यावी, पाऊल मोजण्याची पट्टी समोर ठेवावी आणि घरात फरशीवर चालून पाहिलेला बूट बदलून द्यावा. एवढी अपेक्षा दहा हजार मोजणाऱ्याने ठेवायला हरकत नाही. तोवर गिऱ्हाइकाने एवढे करावे : आरशाकडे पाठ करावी, दुकानाच्या दारापर्यंत जावे, परत यावे, पुन्हा जावे. तिसऱ्या फेरीला पायात काय आहे ते आठवावे लागले, तर तो जोडा घ्यावा.